सर्च बॉक्सखालची जागा: ॲडसेन्स प्रकरण, ब्रुसेल्स ते दिल्ली

बातम्यांच्या, प्रवासाच्या किंवा खरेदीच्या वेबसाइटवर वरच्या कोपऱ्यात भिंगाचं चित्र असतं. तिथे शब्द टाकला की त्या साइटचं स्वतःचं निकालपान उघडतं. आधी चार-दोन जाहिराती, नेमक्या आपण टाकलेल्या शब्दाच्याच, आणि त्यांच्याखाली त्या साइटवरचे लेख किंवा हॉटेलं. बहुतेक वेळा त्या जाहिराती साइटवाल्याने स्वतः मिळवलेल्या नसतात. त्याने तेवढी जागा दुसऱ्याला दिलेली असते आणि हे देणं-घेणं एका करारात बांधलेलं असतं. युरोपात गूगलच्या अशाच करारांतल्या तीन कलमांवरून आठ वर्षांहून जास्त चौकशी चालली, १.४९ अब्ज युरोंचा दंड झाला, आणि पाच वर्षांनी तो दंड कोर्टाने मुळापासून रद्द केला. गूगलवरच्या युरोपीय कारवायांपैकी शॉपिंग आणि अँड्रॉइड ही दोन प्रकरणं जास्त गाजली. ज्याची स्वतःची वेबसाइट आहे, त्याने मात्र हे तिसरं वाचायला हवं, कारण यात भांडण थेट त्याच्या पानावरच्या जागेचं आहे.

शोधणारा आणि चाळणारा

पान नुसतं चाळणारा माणूस काय विकत घेईल, हा अंदाजाचा खेळ असतो. त्यासाठी त्याने काल कुठल्या साइट पाहिल्या, तो कुठल्या गावात राहतो, त्याला कशात रस आहे, हे सगळं गोळा करत बसावं लागतं. शोधणारा माणूस तो अंदाज वाचवतो, कारण हवं ते स्वतःच सांगतो. जर्मनीतल्या कुणी एखाद्या प्रवासाच्या साइटवर 'मायोर्का हॉटेल' असं टाइप केलं, तर त्याचं वय, पगार, आवडनिवड काहीही माहीत नसताना त्याला मायोर्का बेटावरच्या हॉटेलची जाहिरात दाखवता येते, आणि ती त्याला खटकतही नाही. २०१८ मध्ये जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा युरोपीय कायदा लागू झाल्यावर युरोपातल्या जाहिरातवाल्यांना वाचकाची संमती मिळवण्याची चिंता लागली. तेव्हाही हा प्रकार तुलनेने सुरक्षित राहिला. वाचकाने वैयक्तिक जाहिराती नाकारल्या, तरी त्याने आत्ता टाकलेला शब्द हाताशी असतोच.

ॲडसेन्स फॉर सर्च ही गूगलची सेवा या शब्दावर चालते. वाचकाने साइटच्या सर्च बॉक्समध्ये टाकलेला शब्द गूगलकडे जातो. त्या शब्दावर बोली लावून ठेवलेल्या जाहिरातदारांमध्ये क्षणार्धात लिलाव होतो. नुसती बोली मोठी असून भागत नाही, जाहिरात किती लागू पडते तेही पाहिलं जातं. निवडलेल्या जाहिराती साइटच्या निकालपानावर येऊन बसतात आणि कुणी क्लिक केलं तरच जाहिरातदाराचे पैसे जातात. ते पैसे गूगल आणि साइटवाला वाटून घेतात. ही वाटणी बरीच वर्षं गुलदस्त्यात होती. मे २०१० मध्ये गूगलने ती जाहीर केली: लेखांच्या पानांवरच्या जाहिरातींत पब्लिशरला, म्हणजे साइटवाल्याला, ६८ टक्के, शोधाच्या जाहिरातींत ५१ टक्के. मोठे पब्लिशर यात नव्हते. त्यांचे दर आणि अटी समोरासमोर बसून ठरत, आणि हे प्रकरण त्याच मोठ्यांच्या करारांचं आहे.

या करारांची किंमत कळावी म्हणून अमेरिकेतला एक सौदा सांगतो, जरी तो या खटल्याचा भाग नाही. ऑगस्ट २००६ मध्ये गूगलने मायस्पेसच्या मालक कंपनीला किमान ९० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. बदल्यात तिच्या साइटवरचा शोध आणि शब्दांवरच्या जाहिराती गूगलकडे आल्या, फक्त गूगलकडे. दुसऱ्याच्या पानावरच्या सर्च बॉक्ससाठी एवढी रक्कम मोजायला कंपनी तयार होती.

बाहेरच्या पानांचं महत्त्व

गूगलच्या स्वतःच्या निकालपानावर मायक्रोसॉफ्ट किंवा याहू आपल्या जाहिराती विकू शकत नाहीत, हे उघड आहे. मग शब्दांवरच्या जाहिरातींच्या धंद्यात त्यांना पाय ठेवायला जागा कुठे होती? इतरांच्या साइटवर. वृत्तपत्रं, ब्लॉग, प्रवासाच्या साइट, दुकानं. युरोपीय संघात स्पर्धेचे नियम राबवणाऱ्या युरोपीय आयोगाच्या म्हणण्याचा गाभा हाच होता. २००६ ते २०१६ या काळात युरोपीय आर्थिक क्षेत्रात शोध-जाहिरातींच्या मध्यस्थीत, म्हणजे जाहिरातदार आणि साइट यांना जोडण्याच्या धंद्यात, गूगलचा वाटा ७० टक्क्यांहून जास्त असल्याचं आयोगाने नोंदवलं. २०१६ मध्ये सर्वसाधारण शोधात तो बहुतेक देशांत ९० टक्क्यांच्या वर होता.

मधल्या काळात प्रतिस्पर्धीही कमी झाले. जुलै २००९ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टने शोधासाठी हातमिळवणी जाहीर केली. म्हणजे दोन पर्यायांचा जवळपास एकच उरला. साइटवाल्याच्या बाजूने पाहिलं तर त्याला गूगल सोडून जायचं असतं तरी कुठे जायचं, हा प्रश्न करारातल्या कलमांच्या आधी येतो. या खटल्यावर लिहिताना बरेच जण हा मुद्दा ओलांडून पुढे जातात.

तीन कलमं

पहिलं कलम २००६ पासूनचं आणि सगळ्यात ढोबळ: तुमच्या निकालपानांवर आमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या शोध-जाहिराती लावायच्या नाहीत. ज्या पब्लिशरना ही अट त्यांच्या सगळ्या साइटसाठी लागू होती, त्यांचेच करार आयोगाने यात धरले.

आपल्याकडच्या किराणा दुकानात हे रोज दिसतं. शीतपेयाची कंपनी दुकानदाराला फ्रीज फुकट देते, वर कंपनीचं नाव रंगवलेलं असतं, आणि अट एकच: आत दुसऱ्याची बाटली ठेवायची नाही. दुकान दुकानदाराचं, वीजबिल त्याचं, पण फ्रीज कंपनीचा. आयर्लंडमध्ये आइस्क्रीमच्या फ्रीजवरून अगदी असाच वाद झाला होता. १९९८ मध्ये युरोपीय आयोगाने ती अट बेकायदा ठरवली आणि २००३ मध्ये कोर्टाने ते मान्य केलं. म्हणजे आयोगासाठी ही वाट नवी नव्हती.

मार्च २००९ पासून गूगलने हे कलम हळूहळू बदलायला घेतलं, आणि माझ्या मते प्रकरणाचा खरा रस इथे आहे. नव्या करारात बंदी नव्हती, जागेची अट होती. निकालपानावरची सगळ्यात कमाईची जागा गूगलच्या जाहिरातींसाठी राखायची आणि गूगलकडून अमुक एवढ्या जाहिराती तरी मागवायच्याच. इतरांना बंदी नाही, त्यांनी खाली बसावं. फ्रीजच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या बाटल्या ठेवा, पण सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागे.

ज्याने कधी निकालपानावरच्या क्लिकचे आकडे पाहिले आहेत, त्याला या अटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. लोक वरच्या दोन-तीन ओळी पाहतात, तिथे क्लिक करतात किंवा निघून जातात. पानाचा तळ नावापुरता असतो. त्यामुळे 'बंदी उठवली' हे वाक्य कागदावर खरं असलं, तरी प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याला जे आलं त्यातून धंदा उभा करणं अवघड होतं. आयोगाने याला सैल केलेली एकाधिकाराची अट म्हटलं, आणि ते वर्णन मला पटतं.

तिसरं कलम त्याच महिन्यापासूनचं. प्रतिस्पर्ध्याच्या जाहिराती ज्या पद्धतीने दिसतात त्यात काहीही बदल करायचा असेल, तर साइटवाल्याने गूगलची लेखी परवानगी घ्यायची. म्हणजे स्वतःच्या पानावर, दुसऱ्या कंपनीच्या जाहिरातीचा रंग किंवा आकार बदलायलासुद्धा. तिन्ही कलमांत मला हे सगळ्यात जास्त बोचतं. पहिल्या दोन अटी निदान पैशांच्या बदल्यात जागा मागतात. ही तिसरी दुसऱ्याच्या मालाच्या मांडणीवर हात ठेवते, आणि प्रतिस्पर्ध्याची जाहिरात किती आकर्षक दिसावी हेही ठरवायला बसते.

या अटी पब्लिशरनी सही करून स्वीकारल्या होत्या, हेही खरं. ते भोळे नव्हते, त्यांच्याकडे वकील होते. पण गूगलकडे सर्वात जास्त जाहिरातदार, म्हणून प्रत्येक शब्दावर जास्त बोल्या, म्हणून प्रत्येक क्लिकला जास्त पैसे. दुसऱ्या मध्यस्थाकडे 'मायोर्का हॉटेल'साठी दोन जाहिरातदार असतील आणि गूगलकडे वीस, तर साइटवाला कुठे जाणार? गूगलचा बचावही याच वळणाचा होता: आम्ही चांगले आहोत म्हणून लोक आमच्याकडे येतात. हा बचाव निकालात काढण्यासारखा नाही. फक्त एक शंका उरते. माल एवढा सरस असेल, तर मोक्याची जागा कलम घालून राखून ठेवण्याची गरज काय?

तडजोड हुकली

३० नोव्हेंबर २०१० रोजी आयोगाने गूगलची औपचारिक चौकशी सुरू केली. शोधनिकालांत स्वतःच्या सेवांना झुकतं माप देण्याचा आरोप त्यात मुख्य होता, जाहिरात भागीदारांवरच्या अटी हा त्यातला एक धागा होता. मायक्रोसॉफ्ट, एक्स्पीडिया आणि डॉइश टेलिकॉम या कंपन्यांनीही तक्रारी केल्या.

हे प्रकरण दंडाशिवाय मिटण्याच्या अगदी जवळ आलं होतं. २०१३ मध्ये स्पर्धा आयुक्त होआकिन अल्मुनिया यांच्यासमोर गूगलने ज्या हमी ठेवल्या, त्यांत पब्लिशरवर शोध-जाहिरातींची एकाधिकाराची अट घालणार नाही, ही हमीसुद्धा होती. म्हणजे या कलमापुरतं बोलायचं तर गूगल सोडून द्यायला तयार होतं. तडजोड मोडली ती दुसऱ्याच मुद्द्यावर, शोधनिकालांत प्रतिस्पर्ध्यांच्या सेवा कशा दाखवायच्या यावर. सुक्याबरोबर ओलंही जळालं. २०१४ च्या अखेरीस मार्ग्रेट वेस्टेयर आयुक्त झाल्या, आणि त्यांनी एका मोठ्या चौकशीचे वेगवेगळे खटले केले.

जुलै २०१६ मध्ये ॲडसेन्सबद्दलचं आरोपपत्र गेलं. काही महिन्यांतच गूगलने ती कलमं मागे घेतली. तरीही २० मार्च २०१९ रोजी निकाल आला: २००६ ते २०१६ असा सलग गैरवापर, दंड १.४९ अब्ज युरो, गूगलच्या २०१८ च्या उलाढालीच्या १.२९ टक्के. रुपयांत तेव्हाच्या भावाने साडेअकरा हजार कोटींच्या घरात. पब्लिशरशी समोरासमोर ठरलेले शेकडो करार आयोगाने तपासले होते.

कोर्टाने काय मोडून काढलं

१८ सप्टेंबर २०२४. लक्झेंबर्गच्या जनरल कोर्टाने, म्हणजे युरोपीय संघाच्या दोन न्यायालयांपैकी खालच्या कोर्टाने, आयोगाचा निर्णय पूर्ण रद्द केला. आठच दिवसांपूर्वी, १० सप्टेंबरला, वरच्या न्यायालयाने शॉपिंग प्रकरणातला २.४२ अब्ज युरोंचा दंड कायम केला होता, म्हणून हा निकाल आणखी चटका लावणारा ठरला.

बातम्यांच्या मथळ्यांवरून वाटलं की गूगल निर्दोष सुटलं. निकाल तसा नाही. आयोगाची बहुतेक निरीक्षणं कोर्टाने उचलून धरली. घोडं अडलं ते मोजणीत.

एक म्हणजे कलमांची मुदत. आयोगाने करार आणि त्यांच्या मुदतवाढी एकत्र धरून सांगितलं की हे पब्लिशर इतकी वर्षं बांधलेले होते. कोर्टाने विचारलं की मुदत संपताना किंवा वाढवताना या पब्लिशरना प्रतिस्पर्ध्याकडे जाता येत होतं का? करार मधेच सोडण्याचा हक्क कुणाकुणाला होता? एखादी साइट दहा वर्षं गूगलकडे राहिली याचे दोन अर्थ निघतात. ती अडकलेली होती, किंवा दर वेळी पर्याय पाहून पुन्हा तिथेच आली. आयोगाने हे दोन अर्थ वेगळे करून दाखवले नाहीत. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर एकाच घरात दहा वर्षं राहणारी कुटुंबं असतात. त्यांना घरमालकाने दहा वर्षं बांधून ठेवलं, असं आपण म्हणत नाही. पण बाजारात दुसरं घरच नसेल, तर मात्र म्हणू. म्हणून मघाशी मी पर्यायांच्या तुटवड्यावर थांबलो होतो.

दुसरं, २०१६ या वर्षी या कलमांनी नेमका किती बाजार व्यापला होता, याच्या हिशेबात चूक. आणि तिसरं, परिणाम. या कलमांमुळे नवं काही घडणं रोखलं गेलं असावं, गूगलचं वर्चस्व टिकायला किंवा वाढायला मदत झाली, ग्राहकांचं नुकसान झालं असावं, यातलं काहीही आयोगाने नीट सिद्ध केलेलं नाही, असं कोर्टाचं म्हणणं.

कोर्ट एवढं काटेकोर का झालं हे कळायला इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्याकडे पाहावं लागतं. १९७९ च्या जीवनसत्त्वांच्या एका गाजलेल्या खटल्यापासून युरोपात समज असा होता की बाजारावर पकड असलेल्या कंपनीने 'फक्त आमच्याकडूनच घ्या' म्हटलं की ते जवळपास आपोआपच गैर. २००९ मध्ये इंटेलला १.०६ अब्ज युरोंचा दंड झाला तो याच समजावर. पण २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने सांगितलं की कंपनीने परिणामच झाला नाही असा पुरावा दिला, तर आयोगाला सगळी परिस्थिती तपासावी लागेल: बाजाराचा किती भाग व्यापला, किती काळ, प्रतिस्पर्ध्याला खरंच बाहेर काढता येत होतं का. २०२२ मध्ये इंटेलचा तो दंड रद्द झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. ॲडसेन्स या दोन तारखांच्या मधे सापडलं. आयोगाने निर्णय लिहिताना नवी कसोटी समोर ठेवली होती, पण पुरावा जुन्या सवयीने गोळा केला, असं मला निकालावरून वाटतं.

आयोगाची बाजूही एका ठिकाणी समजून घेण्यासारखी आहे. शेकडो करार, प्रत्येकाची मुदतवाढ वेगळी, सोडण्याची अट वेगळी, काळ दहा वर्षांचा. प्रत्येक पब्लिशरच्या बाबतीत, प्रत्येक वर्षी, दुसरा पर्याय प्रत्यक्षात समोर होता का, हे दाखवायचं तर काम प्रचंड आहे. पण १.४९ अब्ज युरोंचा दंड लावणाऱ्याने ते करावं अशी अपेक्षा ठेवली तर ती अवाजवी म्हणता येत नाही. खरी अडचण वेळेची आहे. आरोपपत्रानंतर कलमं निघाली २०१६ मध्ये, कोर्टाचा निकाल आला २०२४ मध्ये. मधल्या आठ वर्षांत साइटवरच्या सर्च बॉक्सचं महत्त्वच बदललं.

दिल्लीतला एक परिच्छेद

या प्रकरणाचा एक धागा भारतात आहे, आणि तिथला निकाल ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपीय आयोगाच्या, निकालाच्या आधीचा आहे. २०१२ मध्ये चेन्नईची मॅट्रिमनी डॉट कॉम आणि जयपूरची कट्स ही ग्राहकहिताची संस्था यांच्या तक्रारी भारतीय स्पर्धा आयोगासमोर आल्या. मराठी घरांत माहीत असलेली मराठी मॅट्रिमनी ही याच कंपनीची. ८ फेब्रुवारी २०१८ रोजी आयोगाने गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. निर्णय एकमताने नव्हता, चार विरुद्ध दोन असा होता.

वर्तमानपत्रांनी तेव्हा शोधनिकालांतल्या पक्षपातावर लिहिलं, विशेषतः गूगल शोधनिकालांत दाखवत असलेल्या विमान तिकिटांच्या चौकटीवर. पण त्याच आदेशात गूगलचे भारतीय पब्लिशरशी ठरलेले शोध-मध्यस्थीचे करारही तपासले गेले. प्रतिस्पर्धी सर्च इंजिनांच्या सेवा वापरायला त्या करारांनी घातलेली बंदी आयोगाने अन्याय्य ठरवली, कारण तिच्यामुळे भागीदारांची निवड आवळली जाते. युरोपातल्या निकालाच्या तेरा महिने आधी.

आपल्या कायद्याची घडण थोडी वेगळी आहे. स्पर्धा कायद्याच्या कलम ४ मध्ये वर्चस्व असलेल्या कंपनीने अन्याय्य अट लादणं हा गैरवापराचा स्वतंत्र प्रकार आहे. बाजार किती व्यापला, किती वर्षं, प्रतिस्पर्धी किती बाहेर पडले, ही मोजणी त्या शब्दांत नाही. ज्या प्रश्नांवर लक्झेंबर्गमध्ये युरोपीय आयोग अडखळला, त्यांना दिल्लीत एवढं वजन आलं नाही. हे सोयीचं आहे, पण त्यात एक पळवाटही आहे: अट अन्याय्य आहे असं म्हणणं सोपं, तिने नेमकं कोणाचं काय बिघडवलं हे सांगण्याची सक्ती नाही. मला स्वतःला लक्झेंबर्गची कसोटी आणि दिल्लीचा वेग असं काहीतरी हवं होतं.

आदेशाच्या शेवटच्या भागात आयोगाने गूगलला काय करायचं ते लिहून दिलं. त्यात दंडाच्या आकड्यापेक्षा एक छोटी ओळ साइटवाल्यांच्या कामाची आहे: भारतीय भागीदारांशी झालेल्या शोध-मध्यस्थीच्या करारांतली ती बंधनकारक कलमं गूगलने अमलात आणू नयेत.